विशूची तिथी

८ मे, देवास

आमच्या पेपरातलं धारचं पान चार वेळा लावलं, चार वेळा मोडलं. सरदारपूरची मंडी गेली, नालछ्याची पाण्याची बोंब गेली, अमझेऱ्याचा देवीचा उत्सव गेला. सगळीकडे सीमा. ठीक, लढाई आहे. पण धारच्या माणसानं धारच्या पानावर धार नाही शोधायची तर कुठं शोधायची?

तिवारीजींनी (आमचे संपादक, मनात मी त्यांना महाराज म्हणते) सकाळी सगळ्या डेस्कला उभं करून सांगितलं, "सूत्रों के हवाले से एक लाइन नहीं जाएगी. सेना की विज्ञप्ति आएगी, वही छपेगी." मान्य. कुठली पलटण कुठल्या रस्त्यानं गेली हे छापणाऱ्याला मी स्वतः बडवीन. आमच्या घरातलं पोर तिथं आहे. पण समोरच्या टीव्हीवर जेवणापर्यंत शत्रूचं बंदर घेऊन झालं होतं आणि चहापर्यंत राजधानी. हे कुठल्या विज्ञप्तीत होतं, विचारलं. महाराज हसले. "ताई, वो टीवी है." म्हणजे आम्ही गप्प बसायचं, त्यांनी वाटेल ते बरळायचं, आणि मिळून दोघांनी लोकांना काही सांगायचं नाही.

विशूचा, म्हणजे आमच्या विश्वासचा, निरोप परवाचा. त्यानंतर काही नाही. "आत्यासाहेब, आता फोन लागणार नाही. आईसाहेबांना सांगा, यंदाच्या लोणच्याची बरणी मी येईपर्यंत उघडायची नाही." लढाईला निघालेल्या माणसाचा निरोप लोणच्याबद्दल. आमच्या घराण्याला शोभेसं.

संध्याकाळी भोंगा वाजला, सराव होता. अख्खं देवास अंधारात. देवीच्या टेकडीवरचे दिवे गेलेले प्रथमच पाहिले. बरं वाटलं नाही.

९ मे

सकाळी ऑफिस उघडलं. रोजचं आहे, सगळ्यांत आधी मी येते म्हणून हनुमानजींना उदबत्ती माझ्याकडे. बाकीचे पंख्याखाली आयत्या वासात येऊन बसतात.

कमल भियाची बातमी आली. धारचा आमचा वार्ताहर, सगळं माळव्यातलं पाणी पिऊन मोठा झालेला. एका लग्नात नवरदेव तिरंगा घेऊन घोडीवर बसला, त्याचे फोटो. फोन केला, "भिया, पाण्याच्या टँकरचं काय झालं?" "जीजी, अबी टँकर कुण छापेगो? अबी तो घोड़ी चलेगी." बरोबर बोलला. घोडी चालली.

धारहून दादासाहेबांचा फोन. दा.सा. माझे चुलतभाऊ, विशूचे वडील. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण बोलणं अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. शालूच्या मुलीचं लग्न परवा सरदारपूरला. शालू दा.सां.ची सख्खी बहीण. हे मुलीचे मामा, मुलीला मंडपात आणायचा मान यांचा. विशूलाही रजा मिळाली होती, ती रद्द झाली. "तू येतेस ना?" म्हटलं, पान सोडवून रात्री निघते. "विशूचा काही?" नाही. त्यांनाही नाही. मग दोघं आंब्याच्या भावाबद्दल बोललो.

१० मे

लढाई थांबली. संध्याकाळी घोषणा. ऑफिसात पेढे.

पहिल्या पानाचं शीर्षक लावत होतो. विज्ञप्ती मी दोनदा वाचली. तीत आपल्या बाजूचं किती नुकसान झालं याबद्दल अवाक्षर नाही. झालं असं नाही, झालं नाही असंही नाही. तिवारीजींनी स्वतःच्या हातानं वर चढवलं, "हमारा बाल भी बांका नहीं". म्हटलं, हे विज्ञप्तीत कुठंय? "ताई, मनोबल की बात है." मनोबल कुणाचं? ते पेढा खात होते.

साडेसात वाजता फोन. दा.सा.

वहिनीसाहेबांच्या (व.सा., विशूची आई) फोनवर विशूच्या कुणा सोबत्याचा फोन आला होता. नंबर अनोळखी. "माताजी, विश्वास नहीं रहा. परसों रात." एवढंच. मग कट. परत लावला तर लागत नाही.

परसों रात. म्हणजे एकादशीला. म्हणजे मी इथं अंधारात टेकडीकडे बघत होते तेव्हा.

खरं असेल का? व.सा. म्हणतात खोटं आहे, कुणीतरी चेष्टा करतंय. दा.सां.नी तुळशीचा दिवा विझवला आणि शेजारच्या जोशीकाकूंना देवांची पूजा सांगितली. "ऐकलं की सुतक लागतं, कुसुम. खोटं निघालं तर आनंदानं अंघोळ करू."

मी निघाले होते. त्यांनीच अडवलं. "येऊ नकोस. तू आलीस की सरदारपूरला वास लागेल. उद्या शालूच्या पोरीवर अक्षता पडू देत. मग ये."

पहिलं पान छापायला गेलं. बाल भी बांका नहीं.

११ मे

ऑफिसात आले. उदबत्ती लावली नाही. मी बिनलग्नाची, माहेरच्याच गोत्रात. लग्न केलं असतं तर नुसत्या अंघोळीवर सुटले असते. सुटायचं होतं कुणाला.

तिवारीजी आले, नाक वर करून म्हणाले, "आज खुशबू नहीं ताई? लड़ाई जीती और अगरबत्ती बंद?" मी म्हटलं, "सूतक है." "अरे. किसका?" "घर का." त्यांनी हात जोडले. पुढे विचारलं नाही, भला माणूस. मी दिवसभर विजयाच्या मिरवणुकांचे फोटो कापले. कुणाचा हात, कुणाचा झेंडा. एका फोटोत विशूच्या वयाचा मुलगा होता, तो कापता येईना. तसाच दिला.

सरदारपूरला लग्न झालं. दा.सां.नी बहिणीला निरोप पाठवला, लांबच्या भाऊबंदाचं सुतक आहे, मामा म्हणून दुसरं कुणी उभं करा. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. मंडपात भटजींनी माइकवर सांगितलं म्हणे, "मामासाहेबांना सुतक असल्यामुळे मामांचा मान अमुक अमुक घेतील." सगळ्या मांडवानं ऐकलं. शालूनं रागानं फोन केला मला, "लांबचं कुठलं गं सुतक? दादाला माझ्या पोरीपेक्षा लांबचे भाऊबंद जवळचे?"  ऐकून घेतलं.

लपवणं म्हणजे काय ते आज कळलं.  पण उद्या संपणार हे माहीत होतं म्हणून निभलं.

१२ मे, धार

पहाटेच्या बसनं इंदूर, इंदूरहून धार. घाटाबिल्लोदला सगळे पोह्यांसाठी उतरले, मी बसूनच.

शालू माझ्या आधी पोचलेली. लग्नाची मेंदी हातावर तशीच. दा.सां.नी तिला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज आला आणि मी भांडं खाली ठेवलं.

व.सा. लोणच्याच्या बरणीजवळ बसून. बोलत नाहीत. जेवल्या मात्र, मी भरवलं.

दुपारी गुरुजी आले, आमचे उपाध्ये, वडिलांच्या वेळचे. विचारलं, "रणात पडला की अपघातात गेला?" मला वाटलं हा काय प्रश्न. त्यांनी समजावलं. रणात पडला तर सुतक नाही, सद्यःशौच, स्नान केलं की झालं. देवघरात घोड्यावरच्या वीराचा टाक बसेल, तुमच्याकडचे तीन आहेत तसा. अपघाती गेला तर पूर्ण सुतक, आणि टाक नाही. "तुम्ही सांगाल तसं." दा.सा. म्हणाले, "मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" तूर्त पूर्ण पाळायचं ठरलं.

चार वाजता फौजेकडून फोन आला. दा.सां.नी स्पीकर लावला. अधिकारी तरुण वाटला, आवाज सांभाळून बोलत होता. "सर, बहुत दुख के साथ... कल शाम एक वाहन दुर्घटना में..."

दा.सा. म्हणाले, "कल?"

"जी सर. कल, ग्यारह तारीख."

"मेरे घर में तो दस की शाम से सूतक है."

 मग तो म्हणाला, "सर, मेरे पास जो लिखा है, वही पढ़ रहा हूं." आणि हळूच, "आप मीडिया से अभी बात मत करिएगा. विज्ञप्ति आएगी."

दा.सां.नी हो म्हटलं. फोन ठेवून मला म्हणाले, "त्याला रागवू नको. त्याच्या हातात कागद दिलाय." मी कुठे रागावले होते. रागावले होते.

१३ मे, धार

विशू आला. सकाळी, इंदूरहून रस्त्यानं. गाडीसोबत एक सुभेदार आणि जवान.

सांगितलं होतं मोजकेच लोक असू देत. धारला मोजकं कसं जमणार. तलावापासून माणसं. शाळेतली मुलं, दा.सां.चे जुने विद्यार्थी, आता त्यांचीच पोरं शाळेत. सलामी झाली. व.सां.नी तोंडावरचा कपडा उचलायला सांगितला. सुभेदार म्हणाले, "माताजी, नहीं." त्या म्हणाल्या, "मी त्याची आई आहे." उचलला नाही. सुभेदारांचेच डोळे भरले.

कमल भिया कोपऱ्यात उभा. मोबाइल खिशात. "जीजी, वणा ने फोटू नी लेवा दियो. म्हने भी नी लियो." मी म्हटलं बरं केलंस. पण मग म्हणाला, "कई छापूं?" मी म्हटलं, थांब.

कागद मिळाला. वाहन दुर्घटना. ११ मे, सायंकाळ. खाली शिक्का.

दा.सां.नी सुभेदारांना बसवून पाणी दिलं, शांतपणे विचारलं, "गाडी उलटली असेल. उलटू दे. कोणत्या रात्री उलटली ते सांगा." सुभेदार उठून उभे राहिले. "सर, मैं तो साथ आया हूं बस." दा.सां.नी त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

१४ मे, धार

दिवसभर माणसं. जो येतो तो एकच विचारतो, कधी झालं? घरातले तिघं तीन तऱ्हेनं उत्तर देतात. दा.सा. म्हणतात, आम्हाला दहाला कळलं. शालू म्हणते, लग्नाच्या आधीच. व.सा. नुसत्या बघतात. येणारे हातातला पेपर पाहतात, त्यात अजून काहीच नाही.

आज मला उलगडलं, आपण केलं काय. सांगितलं गप्प राहा, आम्ही गप्प राहिलो. आम्हीच गप्प राहिलो म्हणून तारीख इकडची तिकडे करता आली. दहाला अंगणात येऊन मोठ्यानं रडलो असतो तर ती कुणाला हलवता आली असती?

दा.सां.ना म्हटलं. ते म्हणाले, "त्याचे सोबती तिथंच होते, कुसुम. गप्प बसायचं कारण मला पटलं होतं. अजूनही पटतं." मग, "मी शालूला खोटं सांगितलं, पण अक्षता पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. लपवायलाही शेवट लागतो. यांना शेवट नाही. यांनी तिथीच बदलली."

कारण असेल. लढाई थांबल्याच्या आनंदात एक नाव नको असेल, किंवा ते रस्त्यावर कुठं होते हे सांगायचं नसेल, किंवा नुसता कुणाचा आळस. मला सांगा, मी छापणार नाही. पण खोटं छापायला सांगू नका. आम्ही दर वर्षी पान वाढणार ते कुठल्या दिवशी? कागदावरच्या अकरा तारखेला, चतुर्दशीला वाढायचं आणि तो एकादशीला उपाशी?

व.सा. आज पहिल्यांदा बोलल्या. माझ्याकडे बघून. "तुमचा पेपर आहे ना, आत्याबाई?"

१५ मे, देवास

विज्ञप्ती आली. चार ओळी. "सड़क दुर्घटना में धार के जवान का निधन." माझ्या पानासाठी, माझ्या टेबलावर.

मी खाली एक ओळ जोडली : परिवार के अनुसार उन्हें १० मई की शाम सूचना मिली थी. एवढीच. आरोप नाही, विशेषण नाही. सोबत्याचा उल्लेख नाही, त्या पोराला मी आयुष्यात कधी उघडं पाडणार नाही.

तिवारीजींनी बोलावलं. दार लावून घेतलं. "ताई, घर की बात है. आप इस खबर से हट जाइए."

"घर की है इसलिए नहीं. मेरे पेज की है इसलिए."

"सेना ने जो कहा, वही."

"सेना ने नहीं कहा था कि बाल भी बांका नहीं हुआ. वो तो आपने छापा. मग फौजेच्या पुढे जाऊन छापता येतं, आणि मागं राहून एक ओळ नाही येत?" शेवटचं मराठीतच निघालं. मला राग आला की हिंदी संपते.

 ते म्हणाले, "सबूत?"

"सबूत आप हो. ग्यारह की सुबह मैंने अगरबत्ती नहीं लगाई. आपने पूछा था. मैंने कहा था सूतक है. ये कागज़ कहता है, दुर्घटना ग्यारह की शाम हुई. सुबह मैं किसका सूतक पाल रही थी, तिवारीजी?"

त्यांनी चष्मा काढला. कपाळ पुसलं.  चार ओळी तशाच गेल्या. माझी ओळ गेली नाही.

पण त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातानं नाही खोडली. उपसंपादकाला सांगितलं. मी पाहिलं.

१६ मे

उदबत्ती नाही. आज कुणी विचारलं नाही.

फौजेच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना रीतसर ईमेल केला. प्रश्न एक : निधनाची तारीख. संपादक नाही, वार्ताहर नाही, मृताची आत्या म्हणून नाव खाली. उत्तर नाही. येईल तोवर रोज एक पाठवणार. मला कंटाळा येत नाही, चाळीस वर्षं मंडीचे भाव लावलेत.

कमल भियाचा फोन. सरदारपूरला जाऊन आला, मी न सांगताच. लग्नाचा व्हिडिओ पाहिला. "जीजी, भटजी माइक पे साफ बोल्या है, मामासाहेब के सूतक है. ग्यारह तारीख की दोपेर. पूरो मांडो गवाह है." त्याला म्हटलं भिया, छापता येणार नाही. "नी छपे तो नी छपे. म्हारे तो मालम है." आणि मग, "सरदारपुर में सबके मालम है जीजी. वां कोई चवदस नी बोले. सब ग्यारस बोले है." चवदस म्हणजे चतुर्दशी, ग्यारस म्हणजे एकादशी.

फोन ठेवून रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. बरं वाटलं.

१७ मे

दा.सां.चा फोन सकाळी. आवाज स्वच्छ.

सुतक उठवलं. गुरुजींना बोलावून सांगितलं, "त्या रात्री तिथं लढाई चालू होती. गोळी लागली असेल, गाडी उलटली असेल, काही असो. तो लढाईत पडला. माझ्या घरात सुतक नाही." गुरुजी म्हणाले, कागदावर अपघात आहे. दा.सा. म्हणाले, "कागदाचं सुतक कागदानं पाळावं." गुरुजींनी हात जोडले, यजमान सांगेल ते मला प्रमाण. पुढची क्रिया व्हायची ती होईल. दा.सां.नी अंघोळ केली आणि सकाळी उजाडताच तुळशीशी दिवा लावला. जोशीकाकू पूजेला आल्या त्या दारातच थांबल्या. मग परत गेल्या. थोड्या वेळानं आळीतली एकेक येऊन दिवा बघून गेली. धारला कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सुतकाचे दिवस पूर्ण व्हायच्या आधी आमच्याकडे दिवा लागला याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

सोनाराकडे टाक सांगितलाय. घोड्यावरचा.

"आणि पेपरात शोकसंदेश द्यायचा," म्हणाले. "लिहून घे." मी लिहून घेतलं. नाव, फोटो, मग : वैशाख शुद्ध एकादशी, ८ मे रोजी सीमेवर लढताना वीरगती. शोकाकुल समस्त परिवार. हिंदीत मीच केलं. एक शब्द बदलला नाही.

आज मीही उदबत्ती लावली. हनुमानजींना म्हटलं, माफ करा, मधले दिवस उगीच गेले.

१८ मे

शोकसंदेश जाहिरातीच्या खिडकीतून आला, माझ्याच पानावर, खाली उजवीकडे. जाहिरातवाला म्हणाला, दीदी, तारीख प्रमाणपत्राशी जुळत नाही. मी म्हटलं, घरच्यांनी दिलीय. आपल्या पेपरात आजवर कुठल्या शोकसंदेशात कुणी दुरुस्ती केलीय? लोक मेलेल्या आजोबांना स्वर्गात पाठवतात, आपण पत्ता विचारतो का?

जिल्ह्याचं पान संध्याकाळीच सुटतं. तिवारीजींनी पडद्यावर उघडलं. मी मागं उभी. त्यांनी बातम्या वाचल्या, वरून खाली. पाण्याचा टँकर आज गेलाय, कमल भियाचा, माझं समाधान. मग खालच्या कोपऱ्यावर आले. विशूचा फोटो हसरा आहे, गणपतीतला.

त्यांनी तो कोपरा मोठा केला.

"ताई, ये आठ तारीख..."

"जी."

"ऊपर से फ़ोन आएगा."

"आएगा."

"मैं क्या कहूंगा?"

"कहना, शोक संदेश है. परिवार का है. आणि नाहीच जमलं तर सांगा, ग्यारह की सुबह अगरबत्ती नहीं लगी थी, ये मैंने खुद देखा."

ते हसले नाहीत. माऊस हातात. कर्सर फोटोवर फिरला, मग तारखेवर आला, तिथंच थांबला.  माझी धारची बस होती.

"आप जाइए," म्हणाले. "पेज मैं देखता हूं."

बघतो म्हणजे काय? विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मला वाटतं माणसाला एकदा तरी कुणी न बघता ठरवू द्यावं. पिशवी उचलली. निघताना राजीनामाही लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय. तारीख घातली नाही. ती उद्याच्या पेपरावर अवलंबून आहे.

१९ मे, धार

सकाळचे सहा वाजले. दा.सा. अंगणात खुर्ची टाकून बसलेत. चष्मा हातात. मी पायरीवर. धारला आमचा पेपर उशिरा येतो, इंदूरच्या गाडीनं.

टाक आलाय. ओट्यावर लाल फडक्यात. गुरुजी आले की बसवायचा. देवघरात तिसऱ्या घोडेस्वाराशेजारी जागा करून ठेवलीय. व.सां.नीच केली, बाकीचे सरकवून.

शालूही आली आहे, मुलीला घेऊन. नवी नवरी मामाच्या पाया पडली, दा.सां.नी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मान राहिला होता, तो असा पुरा झाला.

व.सां.नी अंघोळ करून तुळशीशी दिवा लावला. मग बरणीचं फडकं सोडलं. वाटीत लोणचं काढलं आणि देवघराकडे नेऊन ठेवलं. आळीतल्या बायका दारातून आत येतायत, आज पेपर घेऊन नाही, तशाच. प्रत्येकजण विचारते, कधी हो?

व.सा. माझ्याकडे बघत नाहीत, रस्त्याकडेही नाही. पेपरवाल्याची सायकल अजून वळणावर दिसत नाही. प्रत्येकीला त्या स्वतःच सांगतायत, न रडता, प्रत्येकीला पहिल्यांदा सांगितल्यासारखं, "एकादशीला. आमचा विशू एकादशीला गेला."